मास्तरसाठी थोडंसं दूध

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.२०.
हिला गाडीत बसवून आलो. मुलीचं बाळंतपण झालं, आता ही सहा आठवडे तिकडे. मी म्हणालो होतो, आठ राहा. घरची काळजी नको. जाताना माझ्यासाठी एकही सूचना नाही. कुत्र्यासाठी मात्र कागदभर, फ्रिजवर चिकटवून. भात, उकडलेलं अंडं, दोन वेळा फिरवणे, कान पुसणे. शेवटी 'दूध अजिबात देऊ नये.' खाली दोन रेघा.
कागद वाचला. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात काढली. सूचना कशा वाचायच्या ते मला कोणी शिकवू नये.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
कुत्र्याचं नाव मास्तर. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, चष्म्यासारखी. वय अकरा, वजन बावीस किलो. हिचा जीव की प्राण. माझा आणि त्याचा संबंध आजवर परस्पर आदराचा. म्हणजे तो माझ्या खुर्चीत बसतो आणि मी स्टुलावर.
या सहा आठवड्यांचा कार्यक्रम: रोज पहाटे साडेपाचला तीन किलोमीटर चालणे. मास्तरला शिस्त. मलाही, जमल्यास. माळा आवरणे.

५ मार्च. सकाळी ८.४०.
पहाटे उठलो. मास्तर उठला नाही. दोघांपैकी एकाला झोप आवश्यक होती, मी सोबत दिली.
उद्यापासून.

६ मार्च.
मास्तर जेवत नाही. भात कालचा, आजचा, दोन्ही तसेच. दाराशी पालथा पडून फटीला नाक लावून असतो. जिन्यात पाऊल वाजलं की शेपटी एकदा हलते. पाऊल तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे थांबलं की शेपटी खाली.
हा भावुकपणा वयाला शोभत नाही. ती काही कायमची गेलेली नाही. मी बघा, माझं कसं व्यवस्थित चाललंय. रात्री पाव खाल्ला. उभ्यानेच. भांडी कमी पडतात.

७ मार्च. संध्याकाळी ६.३०.
हिचा फोन. बाळ छान आहे, नाक आमच्याकडचं. मग लगेच, मास्तर जेवतो का? म्हणालो, दणकून.
हे खोटं नव्हे. अंतरिम उत्तर. ऑफिसात आम्ही 'चौकशी सुरू आहे' असं लिहितो, तेव्हाही चौकशी सुरू होणारच असते.

८ मार्च. सकाळी ७.५०.
आज चौथा दिवस. अंडं सोलून दिलं, हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तरपत्रिका कोरी दिली आहे. मी पावाबरोबर दूध घेत होतो. वाटीतलं सांडलं, दोन घोट असेल. मास्तर उठला, आला, फरशी चाटून लख्ख केली. मग माझा अंगठाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला चाटलं.

त्याच दिवशी, दुपारी, ऑफिसमधून.
कामाच्या वेळात थोडा अभ्यास केला. कुत्र्यांना दूध चालतं का? कॉम्प्युटरवर उत्तरंच उत्तरं. पहिलं, नको. दुसरं, नको. तिसरं, पोट बिघडतं. असं खाली खाली जात राहिलो. सतराव्या ठिकाणी सापडलं: 'काही कुत्र्यांना थोडंसं चालतं.' पुढची वाचायची गरज उरली नाही.
शिवाय साधा विचार. पिल्लू असताना कुत्रं काय पितं? चहा?

९ मार्च, शनिवार.
सकाळी वाटीभर. संध्याकाळी वाटीभर, त्यात पाव कुस्करून. चाटूनपुसून. दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून एक लिटर जास्त. त्याने विचारलं, पाहुणे आलेत का? म्हणालो, हो.
मास्तर आता दाराशी बसत नाही. फ्रिजशी बसतो. ही प्रगती आहे. तिच्या वाटेकडे डोळे लावण्यापेक्षा फ्रिजकडे लावलेले केव्हाही बरे. फ्रिज कुठे जात नाही.

१० मार्च.
फिरायला गेलो! चारशे मीटर. बाकीचे दोन किलोमीटर सहाशे मीटर टप्प्याटप्प्याने.

११ मार्च. सकाळी ६.१५.
दिवाणखान्यात घाण. एक मोठी, तीन छोट्या. पातळ.
कारण उघड आहे. हवा बदलतेय.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई भेटल्या. निवृत्त आहेत, पण नजर अजून ड्यूटीवर. म्हणाल्या, तुमच्या दारात दुधाच्या पिशव्या वाढल्यात. मी म्हणालो, हाडं ठिसूळ होतात या वयात. त्या म्हणाल्या, कोणाची? मी म्हणालो, सगळ्यांचीच. मग त्यांनी सरळ विचारलं, मास्तरला देता का? म्हणालो, थोडंसं. त्या म्हणाल्या, नका देऊ, वय झालेल्या कुत्र्याला पचत नाही.
आपण 'तुमची सूचना नोंदवून घेतली आहे' असं म्हणून वर आलो. तीस वर्षं माणसांच्या दवाखान्यात काम केलं म्हणून कुत्र्यांतलं कळतं असं नाही. मास्तर दोन पायांवर चालू लागला की जरूर विचारू.

१३ मार्च.
पोट अजून बिघडलेलंच. कारण शास्त्रीय पद्धतीने शोधायचं ठरवलं. वहीत तक्ता आखला. सोमवारी साय काढून, मंगळवारी कोमट, आज थंड. तिन्ही वेळा निकाल सारखाच. यावरून दुधाचा दोष नाही हे सिद्ध झालं. दूध कारण असतं, तर तीन प्रकारच्या दुधाचे तीन प्रकारचे परिणाम दिसले असते.
दूध बंद करून पाहायचं राहिलं. पण मग तो जेवणारच नाही. उपाशी कुत्र्यावर प्रयोग करणं माणुसकीला धरून नाही.

१४ मार्च. संध्याकाळी ६.४०.
फोन. मास्तरचा फोटो पाठवा म्हणाली. मास्तरकडे पाहिलं. फासळ्या मोजता येतील असं नाही, पण मोजायला बसलं तर सुरुवात करता येईल. गेल्या वर्षीचा एक छान फोटो होता, तो पाठवला.
पाच मिनिटांनी पुन्हा फोन. म्हणाली, अहो, पडदे निळे कसे झाले?
पडदे आता तपकिरी आहेत. दिवाणखान्याला रंग दिला तेव्हा तिनेच बदलले. म्हणालो, उजेडाचा परिणाम. ती म्हणाली, कान पुसता ना?
कान पुसायला हवेत.

१६ मार्च, शनिवार.
माळा आवरायला घेतला. शिडी लावली, वर चढलो. हिची जुनी शिवणाची पेटी दिसली, तिच्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत बसलो. दोन तास. खाली उतरलो तेव्हा मास्तर माझ्या खुर्चीतून मान वर करून पाहत होता. दूध दिलं. प्यायला नाही. पहिल्यांदाच.
पोटाला विश्रांती देतोय. शहाणं जनावर आहे.

१७ मार्च, रविवार. सकाळी ११.
आज मास्तरला आंघोळ घालायचं ठरलं होतं. हाक मारली. उठला नाही. पाणी पुढे केलं, तोंड फिरवलं. उचलून उभा केला तर मागचे पाय बाजूला गेले, ओल्या कागदासारखे.
थकवा असेल.

त्याच दिवशी, दुपारी ४. दवाखान्यात.
क्रमाने लिहितो. अक्षर वाकडं येतंय, ते वजन उचलल्यामुळे.
साडेअकराला नर्सबाईंकडे गेलो. उगीच, सहज. त्या वर आल्या, मास्तरच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरून वर ओढलं आणि सोडलं. कातडं तसंच उभं राहिलं. तंबूसारखं. त्या म्हणाल्या, चादर आणा. मी विचारलं, कुठली? माझ्यावर ओरडल्या. कोणतीही!
लिफ्ट बंद. मी पुढचा भाग धरला, बाईंनी मागचा. तीन मजले. पहिल्या मजल्यावर मास्तरने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नेहमी पाहतो तसंच. ते जास्त वाईट होतं. डोळ्यांत घाम गेला.
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. पायाला सुई लावून सलाइन सुरू केलं, मग विचारलं, काय खायला देता? म्हणालो, भात, अंडं. नर्सबाई म्हणाल्या, दूध. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती? मी म्हणालो, थोडंसं. नर्सबाई म्हणाल्या, रोज लिटरभर.
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.
त्यांनी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, तेच जड गेलं. दूध म्हणजे विष नव्हे. एखाद्या कुत्र्याला चमचा-दोन चमच्यांनी काही होत नाही. पण पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवायची ताकद पोटातून बहुतेक निघून जाते. मग ते पोटात नासतं, जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं. तरुण कुत्रं एक-दोन दिवसांत सावरतं. अकरा वर्षांचं, आठवडाभर रोज, तर असं होतं.
मी म्हणालो, पण त्याला आवडत होतं.
त्या म्हणाल्या, हो, आवडतं ना.
एवढंच.

१७ मार्च. संध्याकाळी ६.
हिचा फोन वाजला, उचलला नाही. पुन्हा वाजला. दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून ठरवलं: हा वाचला तर हिला सगळं सांगणार. तारीखवार. तक्त्यासकट.

१८ मार्च, सोमवार.
ऑफिसला रजा टाकली. कारण: घरी आजारपण. साहेबांनी विचारलं, बायको? म्हणालो, नाही, मास्तर. त्यांना वाटलं माझे शाळेतले कोणी मास्तर. फार हळहळले. म्हणाले, वय बरंच असेल. मी हो म्हणालो.
दिवसभर दवाखान्याच्या बाकावर. पिंजऱ्याच्या जाळीतून बोट आत घालून बसलो होतो. शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजराने ओरबाडलं.

१९ मार्च. दुपारी २.
उठून उभा राहिला. दोन पावलं. भाताची पेज पाच चमचे घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता धोका नाही.
हिला सांगायचंच आहे. पण फोनवर तपशिलात शिरण्याची घाई नको. बाळंतिणीच्या घरी काळजीचं वातावरण बरं नाही. ही परत आली की निवांत सांगेन. किंवा बाळ चालायला लागलं की.

२१ मार्च.
मास्तर घरी. नवे नियम, आता माझ्याच हस्ताक्षरात: पातळ भात, मिठाशिवाय, दर चार तासांनी. दूध बंद. खाली तीन रेघा मारल्या. हिच्या दोन होत्या.
दूधवाल्याला सांगितलं, जास्तीचं बंद. म्हणाला, पाहुणे गेले वाटतं? म्हणालो, अजून आहेत, पण पथ्यावर.

२३ मार्च, शनिवार.
पुन्हा जेवत नाही. पेज पुढे केली की मान फिरवतो. फ्रिज उघडला की उभा राहतो, बंद केला की बसतो. सकाळपासून नऊ वेळा फ्रिज उघडला. प्रत्येक वेळी काम होतंच असं नाही.
संध्याकाळपासून पुन्हा दाराशी. फटीला नाक.
खोलीत कोणी पाठ करून पडलेलं असलं की खोली फार मोठी होते. मी रेडिओ लावला. त्याने कानही हलवला नाही.

२४ मार्च, रविवार. सकाळी ८.
चार चमचे. फक्त चार. पाणी घालून. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या होत्या की चमचा-दोन चमच्यांनी काही होत नाही, आणि चार म्हणजे दोनदा दोन.
हात चाटला. मनगटापर्यंत.

२४ मार्च. दुपारी १२.३०.
नर्सबाईंच्या पायपुसण्यावर घाण. आम्ही फिरायला निघालो होतो, त्यांच्या दारापर्यंतच पोचलो. त्याच वेळी बाईंनी दार उघडलं. पायपुसण्याकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या काही विचारायच्या आत मीच म्हणालो, हवा.
त्या म्हणाल्या, किती दिलंत?
चार चमचे म्हणालो. हे मात्र खरं सांगितलं. नोंद असावी.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पायपुसणं उचललं, ओल्या फडक्याने मास्तरला पुसलं आणि म्हणाल्या, असं का करता हो?
बरंच आठवून पाहिलं. मग म्हणालो, तो माझ्याकडे येतच नाही नाहीतर.
हे मी का बोललो माहीत नाही. रविवार होता, झोप नीट झाली नव्हती.

२५ मार्च. संध्याकाळी ६.३५.
हिचा फोन. हिला सगळं ठाऊक आहे. नर्सबाई पहिल्या आठवड्यापासून रोज फोन करत होत्या. सलाइनच्या दिवशी ही गाडीत बसायला निघाली होती, बाईंनीच थांबवलं, म्हणाल्या, तुमचे यजमान बाकावरून हलत नाहीयेत, कुत्रं जगेल. म्हणजे मी रोज जे सांगत होतो, ते ही ऐकून घेत होती आणि वर छान म्हणत होती. एवढी वर्षं संसार केला, पण इतकी आतल्या गाठीची असेल असं वाटलं नव्हतं. एखाद्या माणसाने सरळ विश्वासाने खोटं बोलावं आणि समोरच्याने असं वागावं!
रागावली नाही. एवढंच म्हणाली की मी येईपर्यंत मास्तर खाली बाईंकडे राहील. परवापासून.
मी ठाम विरोध केला. म्हणालो, आमचं आता एक नातं तयार झालंय. तो माझ्याशिवाय राहणार नाही, खाणार नाही. तुला वाटत असेल तर पाहू. दार उघडून ठेवतो. जनावरावर जबरदस्ती नको, त्यालाच ठरवू दे.
ती म्हणाली, बरं.

२६ मार्च.
ऑफिसला गेलो. पाण्याच्या दाबाच्या अकरा तक्रारी. एका म्हाताऱ्याला नेहमीप्रमाणे 'चौकशी सुरू आहे' सांगितलं. तो म्हणाला, साहेब, चार महिने सुरू आहे, आता ती तरी दमली असेल. मी त्याला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत कधी दिली नव्हती. बसला, पाणी प्यायला, गेला.
संध्याकाळी मास्तरचे कान पुसले. तो बसून राहिला. उद्या जाणार नाही, माझी खात्री आहे. तरी त्याचा वाडगा धुऊन ठेवला. धुवायचाच होता.

२७ मार्च, बुधवार. सकाळी ९.
दार उघडलं. मी स्टुलावर बसलो, मुद्दाम दूर. हाक मारायची नाही, इशारा नाही, दूध नाही. निःपक्षपाती वातावरण. जिन्यात खाली नर्सबाई उभ्या होत्या, त्यांनीही हाक मारली नाही. त्यांचं कौतुक करायला हवं.
मास्तर खुर्चीतून उतरला. उंबऱ्याशी आला. थांबला.
मग खाली गेला. मागचे पाय अजून कच्चे आहेत, प्रत्येक पायरीवर थबकत होता. मला वाटलं थबकून मागे पाहील. पायऱ्याच पाहत होता. शेवटच्या तीन तर जवळजवळ धावत उतरला. बाईंचं दार बंद झाल्याचा आवाज आला. बेताचा. आपटलं वगैरे नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
ऑफिसला गेलो नाही. मास्तरला काही लागलं तर, म्हणून घरी असावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.४५.
खाली जाऊन आलो. बाई म्हणाल्या, भात खाल्ला, सगळा. गाजर किसून घातलं होतं. मास्तर त्यांच्या दिवाणखान्यात उताणा झोपला होता, चारही पाय वर. मला पाहून शेपटी दोनदा आपटली आणि पुन्हा डोळे मिटले. बाईंनी विचारलं, चहा घेता? म्हणालो, नको, घरी बरीच कामं पडलीत.
वर आलो. खुर्ची रिकामी होती. आता बसायला हरकत नव्हती. स्टुलावरच बसलो.
मग हिचा फोन. मी लगेच अहवाल दिला. मास्तरने भात खाल्ला, गाजर खाल्लं, जुलाब नाहीत, झोप शांत, नाक ओलं आहे. सगळं खरं. एकही शब्द बदललेला नाही.
ती ऐकत होती. मग म्हणाली, अहो, मास्तरचं बाईंनी दुपारीच कळवलं. तुम्ही जेवलात का? तुम्ही कसे आहात?
मी म्हणालो, लाइन खराब आहे, नीट ऐकू येत नाही.
ती म्हणाली, मला तर येतंय.
आवाज अगदी स्वच्छ येत होता. मागे बाळ रडत होतं, तेसुद्धा.